केंजीकाकांच्या नऊ पुरणपोळ्या

रविवार, संध्याकाळ

आज कबूल करतोच. केंजीकाकांना जपानमधल्या त्यांच्या खेड्यात घरोघरी पर्यटकांना पाहुणे म्हणून ठेवायचं होतं. पाहुणचार कसा करतात ते बघायला ते मागच्या वर्षी आमच्या मांजरी गावात, आमच्याच घरी राहिले. मी त्यांना मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, ताटात टाकलं तर आत्याचा अपमान होतो. आणि आत्याला म्हणालो, "जपानी लाजतात गं. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, विचारायचं नाही."

नऊ पुरणपोळ्या! बिचाऱ्यांनी बेल्ट सैल केला, पण हात आडवा धरला नाही. मी मागच्या दारी हसून लोळत होतो. ते जपानला परत गेले त्या दुपारी आत्यानं सवयीनं त्यांचंही ताट मांडलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. अजून आठवतं ते.

सकाळी त्यांचा मेसेज आला. मीच आत्याला वाचून दाखवला. त्यांच्या खेड्यातली आठ घरं पाहुणे ठेवायला तयार झालीत. पहिला नियम, ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढायचं, मांजरीच्या आत्यांसारखं.

तेव्हापासून आत्या गल्लीभर सांगतेय, "माझी पद्धत जपानला गेली, बघा!" जन्मात कधी कुणापुढे मिरवली नव्हती ती. नऊ पोळ्या खाऊनही माणूस तिचंच नाव घेतो, आणि मी?

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर पाया पडतो, आत्याला कळू देऊ नका.