क्षितिजाची तारीख मिळेल का?

विरार (प.), १० जुलै २०२४

ती. सौ. मालनमावशीस,
क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं विरून जातं म्हणतेस, म्हणून हे पत्र. चिपळूण सोडून महिना झाला. स्टुडिओ अंधेरीत आणि परवडणारी खोली विरारला, त्यामुळे माझं करिअर सध्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

एका संगीतकारांना तू शिकवलेला यमन ऐकवला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, रंगले. डोळे उघडून त्यांनी इन्स्टावर मला किती लोक फॉलो करतात ते विचारलं. शंभरेक म्हटल्यावर म्हणाले, आवाज जरा जास्तच सुरेल आहे, हल्ली लोकांना त्रास होतो. तरी काम दिलं हो! मोठ्या गायिकेसाठी गाण्याचा कच्चा आवाज मी द्यायचा, म्हणजे तिला चाल पाठ करता येते. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत. या कुटुंबात मला आणखी बऱ्याच मुली भेटल्या, सगळ्या उपाशी.

शनिवार-रविवार राजोडीच्या एका रिसॉर्टवर गाते. श्रोते स्विमिंग पूलमध्ये असतात. परवा आलापात एकाने हात वर केला. दाद समजून मी मान लववली. त्याला सुरमई फ्राय हवी होती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
क्षितिजा

चिपळूण, २५ जुलै २०२४

चि. क्षितिजास,
मालनमावशीचे अनेक आशीर्वाद.

रिसॉर्टचं तेवढं वगळून तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. कच्चा आवाज म्हणजे काय, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, गाण्याचा पाया. महिला मंडळाने तुझा सत्कार ठरवला आहे. गाण्यात तुझं नाव कुठे दिसेल ते कळव, म्हणजे पत्रिका छापायला टाकतील. आमचा लेक विघ्नेशही ठाण्याच्या ऑफिसात सांगत सुटलाय.

एक मात्र ऐक. तिकडे हळदीला बेंजो लावून धिंगाणा घालतात म्हणे. उपाशी राहा, पण तिथे गाऊ नकोस. इतकी वर्षं तुला तानपुऱ्याशी बसवलं ते त्यासाठी नाही.

थंड पाणी पिऊ नकोस. पत्र पाठवत जा.
मालनमावशी

विरार, १५ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस, शि. सा. न.

गाणं आलं. आवाज माझा आहे, पण मी नाही. मोठ्या गायिकेला वेळ होईना, म्हणून संगीतकारांनी माझा कच्चा आवाज कॉम्प्युटरला शिकवला. तो आता वाटेल ते गातो आणि चहाही मागत नाही. मी भांडले. त्यांनी अभिनंदन केलं. म्हणाले, आता रियाजाला भरपूर वेळ मिळेल. त्यानंतर कित्येक दिवस मी तोंडातून सूर काढला नाही. स्वतःचा आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा.

मग बेसिल आला. हा वसईचा, रिसॉर्टवर माझ्यासोबत कीबोर्ड वाजवतो आणि हळदीत वाजवणारी त्याची स्वतःची बेंजो पार्टी आहे. त्याच्या गायिकेचा घसा बसला होता आणि अर्नाळ्याला हळद होती.

मावशी, मी गेले. पहिलंच गाणं चालू असताना नवरीच्या आजीने हात करून मला थांबवलं. मी माईक खाली केला. तर म्हणाली, पोरी, आधी पानी पी, दोन घास खा, उपाशीपोटी कोन गातं? सगळं वऱ्हाड माझं जेवण होईपर्यंत थांबलं! मग त्यांनी एकच कडवं परत परत म्हणून घेतलं, बायका माझ्याबरोबर गायल्या, आणि मला गाता गाता रडू आलं. आता अख्खा मोसम भरला आहे. बॅनरवर नाव आहे, बेसिलपेक्षा मोठ्या अक्षरांत.

रागाव, पण लिही.
क्षितिजा

चिपळूण, ४ जानेवारी २०२५

चि. क्षितिजास आशीर्वाद.

सत्कार रद्द. तुझा आवाज गेल्याचं मंडळात सांगितलं आहे, तेव्हा इकडे आलीस तर कुणाशी बोलू नकोस.

मालन

चिपळूण, ५ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजास,
मावशीचे अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

विघ्नेशचं लग्न ठरलं. मुलगी आगाशीची, सलोनी. घरची केळीची वाडी, स्वतः बँकेत आहे. माणसं मोठ्या मनाची. त्यांची एकच अट: हळदीला बेसिलची पार्टी आणि गायला क्षितिजाच.

सलोनीच्या आईने मला विचारलं, तुम्ही ऐकलंय का हो तिला? मग हळूच म्हणाल्या, तिची तारीख काही मिळत नाही, कुणाची ओळख असेल तर बघा ना. विघ्नेश माझ्याकडे बघत होता. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, तिला मी शिकवलंय. घरातली सगळी माणसं उठून उभी राहिली गं! एवढा मान मला कुठल्या मैफलीत मिळाला नव्हता.

हळद पाच डिसेंबरला. आधीचं काही मनात ठेवू नकोस.
मालनमावशी

विरार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. मावशीस, शि. सा. न.

मनात काही नाही, पण पाच तारखेला अर्नाळ्याच्या लोकांना शब्द दिला आहे. तो मोडणार नाही. चार मोकळी आहे.

तुझीच,
क्षितिजा

चिपळूण, २२ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजास आशीर्वाद.

गुरुजींशी बोलले. आधी पाच सोडून एकही दिवस शुभ नाही म्हणाले. कोण गाणार ते कळल्यावर पंचांग पुन्हा उघडलं आणि चार तारीख जास्तच चांगली निघाली. त्यांच्याही मुलीचं यंदा करायचं आहे. तुझा नंबर मागितलाय.

आता माझं काम. हळदीला एक गाणं मीही म्हणीन म्हणते. माझी पट्टी हल्ली खाली आलीये, ते बेसिलला आधीच सांगून ठेव. उभा जन्म गाण्यात गेला, लोकांनी माना डोलावल्या, पण माझ्या गाण्यावर अजून एकही माणूस उठून नाचलेला नाही. तालमीला कधी येऊ, ते त्याला विचारून कळव.

सांभाळून घे.
मालनमावशी