मास्तरांनी वर यायची खूण केली तेव्हा

ताई,

तुझा डोळा लागलाय म्हणून उठवलं नाही. डायव्हिंगच्या मास्तरांचा फोन कोणी उचलत नाहीये, म्हणून धक्क्यावर पळत चाललेय. मी येईपर्यंत आडवीच राहा. गरम पाण्याने अंघोळ करू नकोस. उशाशी पाण्याची बाटली आहे, ती संपव.

कोपर दुखतंय, बोटांना मुंग्या येताहेत, ते हातावर झोपल्यामुळे नाही. पाण्यातून झपकन वर आलं की असं होतं, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सकाळी त्यांनी सगळ्यांना वर यायची खूण केली. आम्ही निघालो आणि तू खाली वाळूत बसून राहिलीस. त्यांनी परत येऊन तुला दंडाला धरून उठवलं, तोवर तुझी हवा संपत आली होती. म्हणून तुम्हाला घाईने वर यावं लागलं. बोटीत तू हसून म्हणालीस, "अगं, मासे बघत होते." मीही हसले. पण तिथे एकही मासा नव्हता गं.

मी काही विचारणार नाही. आईलाही कळवलेलं नाही. भाओजींचा फोन आला तर उचलू नकोस, त्यांच्याशी मी बोलेन.

पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जायला मी बोट मागणार आहे. दाराला आतून कडी लावू नकोस. सुट्टीचा विचका केला म्हणून तू चिडशील, ठाऊक आहे. खुशाल चीड. चिडायला तू असलीस म्हणजे झालं.

धाकटी