तुझ्यावरचा परिच्छेद

आये, आज मुलुंडला एका हॉलमध्ये छोट्या छोट्या संस्थांतल्या वीस-पंचवीस जणांना प्रपोजल कसं लिहायचं ते शिकवून आले. म्हणजे कंपन्यांकडे, ट्रस्टकडे कामासाठी मदत मागायची तो अर्ज. तू त्याला 'तुझा कागद' म्हणायचीस. आता माझं पोट त्या कागदांवरच चालतं. "माणसाला बिचारं करून लिहू नका, त्याची अडचण नेमकी लिहा," असं मी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ऐकायला झकास वाटतं, पण देणाऱ्यांना रडकंच पाहिजे असतं ना? तुम्हाला खरंच असं लिहून मिळालंय?" मग मी तुझी गोष्ट सांगितली. दर वेळी तीच सांगते.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका संस्थेत नुकतीच लागले होते आणि माझं पहिलंच प्रपोजल तुमच्या मासळीबाजारासाठी होतं. रविवारची दुपार. ट्रॉम्ब्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू मोरीपाशी बसून बोंबील साफ करते आहेस आणि मी दारात उभी राहून इंग्रजी कागद मराठीत करून तुला वाचून दाखवते आहे. मला शाबासकी हवी होती, दुसरं काय. कोळी महिलांना विक्रीचं प्रशिक्षण देऊ, असं मी लिहिलं होतं. तुझे हात थांबले. "आमाला मासली इकायला कोन शिकवनार? तू?" पुढच्या परिच्छेदात नाव न घेता तूच होतीस. निराधार विधवा, डोक्यावर पाटी, डोळ्यांत पाणी. "ही कोन बाय हाय गो?" तू विचारलंस. मी हसून म्हटलं, तूच की. तू हसली नाहीस. "कोनी बघलाय मना रडताना? तुझा बापूस गेला तवा पन मी कोनाम्होरं हात पसरला नाय. काढ तिला तिथून."

मग लिहू काय, असं मी चिडून विचारलं. तू पुन्हा बोंबलाला हात घातलास आणि भाव सांगावा तितक्या सहज सांगितलंस की बाजारात बायकांना जायला जागा नाही, म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. मला हे माहीत नव्हतं. तू घरी आलीस की पाटी उतरवायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचीस, ते मी लहानपणापासून बघत होते आणि उन्हामुळे असेल असं समजत होते. तुझ्याच घरात राहून मला एवढंही कळलं नव्हतं, याची लाज वाटली. मी प्रशिक्षण काढून टाकलं, तो रडका परिच्छेदही. बाजारात चार दिवस बसले, बायकांशी बोलले. संडास कुठे हवा, साफ कोण करणार, किल्ली कोणाकडे राहणार, सगळं त्यांनीच ठरवलं आणि मी उतरवून घेतलं. इतकं चोख प्रपोजल मी नंतरही फारसं लिहिलेलं नाही. ते मंजूर झालं, संडास झाला. उद्घाटनाच्या दिवशी तू सगळ्या बाजाराला ऐकवलंस, "माझ्या पोरीनं कोनाला बिचारी केली नाय. खरं लिवलं, म्हनून झालं." पुढे आजारी पडून घरी बसेपर्यंत गिऱ्हाइकाला पापलेट कापून देतानाही तुझं हेच चालू असायचं.

वर्गात गोष्ट इथे संपते. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. ज्या ट्रस्टकडे ते प्रपोजल द्यायचं होतं, तिथल्या बाईंचा मुदतीच्या दिवशी फोन आला होता. सगळं छान आहे, म्हणाल्या, पण मनाला भिडणारं काही नाही, एखादा चेहरा द्या. जुना परिच्छेद कॉम्प्युटरवर होताच. तो मी परत घातला, डोळ्यांतल्या पाण्यासकट. दोन मिनिटांचं काम. मदत संडासाच्या मुद्द्यावर मिळाली की त्या पाण्यावर, हे मला आजही सांगता येत नाही. तसं ते फार टोचतही नाही, कारण बायका पाणी प्यायला लागल्या आणि ते खरंच होतं. उद्घाटनाच्या दिवशी मी तुझ्या शेजारीच उभी होते. तेव्हा सांगितलं असतं तर तू बाजारात चार शिव्या घातल्या असत्यास आणि संध्याकाळी जेवायला वाढलं असतंस. म्हणजे भीतीपोटी गप्प राहिले असंही नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. तू इतक्या लोकांपुढे माझं कौतुक करत होतीस, आणि मला ते ऐकत राहायचं होतं.