तुझ्या बाल्कनीतलं ऊन

प्रिय तमीला,

घर विकायचं ठरलंय, कुणी बघायला आलं तर दार उघडून दाखव, असं तू जूनमध्ये लिहिलंस. आता सप्टेंबर लागला, आणि मी तुला ‘बरं’ एवढ्या एका शब्दापलीकडे काही कळवलेलं नाही. रागावली असशील. आज सगळं लिहिते, पण आधी सोलर पॅनेलचं सांगू दे. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात वीज दिवसातून चार तास यायची, तीही ठरल्या वेळी नाही. भावाने दिलेलं चार्जिंग स्टेशन, म्हणजे ती पेटीएवढी बॅटरी, तेवढ्यात जेमतेम अर्धं भरायचं. शिलाई मशीन, एक दिवा आणि फोन, एवढंच तर मला हवं असतं. तेही भागायचं नाही. लोकांचे कोट एकच बाही लावलेले आठवडाभर पडून राहायचे. म्हणून या उन्हाळ्यात घडीचं पॅनेल घ्यायचंच ठरवलं आणि बाजारामागच्या लुक्यानच्या दुकानात गेले. दोनशे वॉटचं बरं की शंभरचं, असं विचारलं, तर तो म्हणाला, “काकू, वॉटचं मागाहून बघू. आधी तुमच्याकडे ऊन किती, ते सांगा.”

मला सांगता येईना. सतरा वर्षं या घरात राहते, पण कधी बघितलंच नव्हतं. ऊन खावंसं वाटलं की मी तुझ्याकडे यायचे ना.

आता बघितलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी दोन तास, बस. मग तू ठेवून गेलेल्या किल्लीने समोरचं तुझं दार उघडलं आणि वही घेऊन दिवसभर बाल्कनीत बसून राहिले. दहा ते पाच. लुक्यानला अभिमानाने सांगितलं, जशी काही ती बाल्कनी माझीच. त्याने दोन पॅनेलं पुढे ठेवली. एक छोटं, साठ वॉटचं, पुस्तकासारखं उघडणारं, खिडकीत दोरीने टांगता येईल असं. दुसरं दोनशेचं, चार घड्यांचं, आठ किलोचं. एकटीने रोज उचलायला जड जाईल, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. मी मोठंच घेतलं.

आणि तुझ्या बाल्कनीत त्या पॅनेलने सत्तरच वॉट दिले. मी लुक्यानशी भांडायला गेले. त्याने शांतपणे विचारलं, बाल्कनीला काचा आहेत का? आपल्या इमारतीत बिनकाचेची बाल्कनी आहे तरी कुणाची? काचेमागचं ऊन बसायला ठीक, पॅनेलला नाही, तो म्हणाला. म्हणून तुझ्या खिडक्या उघडायला गेले, तर हलेनात. आठवतं? त्या वर्षी ईस्टरच्या आधी आपण दोघींनी रंगवल्या होत्या, चेरीची दारू पीत पीत, आणि सगळ्या फटी रंगाने बुजवून टाकल्या. पावाच्या सुरीने कापत बसले. एकटीच हसत होते. त्या दिवशी दीडशेच्या वर गेलं आणि दुपारी तीनलाच स्टेशन भरलं.

पॅनेल उन्हाबरोबर तासातासाने फिरवावं लागतं. म्हणून आधी तिथे खुर्ची नेली. मग मशीन नेलं. मग जेवणही तुझ्याच टेबलावर होऊ लागलं. शिवण सरळ आली की मी समोरच्या खुर्चीकडे बघून ‘बघ’ म्हणायचे. हसू नकोस. तळमजल्यावरच्या फ्रोस्या आजीने जिन्यात गाठून विचारलंच, “घरं दोन आणि माणूस एक. झोपतेस तरी कुठल्या घरात?” माझ्याच, म्हटलं. ते खरं आहे.

आता जे लिहायचं होतं ते. ऑगस्टमध्ये, भर दुपारी, तुझं दार वाजलं. युद्धामुळे खेरसोनकडून आलेलं कुटुंब, नवरा-बायको आणि तिचे वडील. घर बघायला आले होते, तेही मला आधी कळवून. मी तुझ्या टेबलाशी होते. मशीनवरचा पाय उचलला आणि बसून राहिले. लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून आलेल्या त्या म्हाताऱ्याचा श्वास मला दारातून ऐकू येत होता. ती म्हणाली, “बाबा, पायरीवर बसा थोडं.” दहा मिनिटं ते तिथे बसले. मी दार उघडलं नाही, तमीला. पाणीही दिलं नाही. ते दार एकदा उघडलं की तू परत येणार नाहीस, एवढंच मला कळत होतं.

परवा आजीकडून त्यांचा पत्ता काढून गेले. अजून ते शाळेतल्या खोलीत राहतात, मध्ये चादर बांधून. तिला सांगितलं, मी आतच होते. ती म्हणाली, “माहीत आहे. मशीनचा आवाज तिसऱ्या मजल्यापासून येत होता.” मग चहा दिला मला. रविवारी अकरा वाजता ती तिघं पुन्हा येतील आणि मी दारात उभी असेन. तू मुखत्यारपत्र पाठवून दे. मोठं पॅनेल काल लुक्यानला परत दिलं. कोपरा घासलाय म्हणून कुरकुर केली त्याने, पण बदल्यात छोटं दिलं. मशीनला ते पुरायचं नाही, ते विजेच्या वेळेत चालवीन. पण तू फोन कधीही कर. तेवढं ऊन माझ्या खिडकीतही येतं.

समोरच्या दाराची, तुझीच
ओरिस्या