पळसाखालचा तुकडा

२४ मार्च २०२५
प्रणित गेला. माझा एकुलता एक. जंगलात वणवा कुठे लागला ते वरून बघायचं त्याचं काम. जायरोकॉप्टर — डोक्यावर पंखा फिरणारं, दोन खुर्च्यांचं लहानसं विमान — सकाळी पोंभुर्ण्याकडे पडलं. एकटाच होता आत. पुढे लिहवत नाही.

३० मार्च
पेपरात आलं — पायलटचा फाजील धीटपणा! कंपनीचा दुसरा पायलट रोशन, त्यानंच जबाब दिला म्हणे, ‘प्रणित नेहमी खालूनच उडवायचा.’

पस्तीस वर्षं नागभीड जंक्शनवर पॉईंट्समन होतो, गाड्यांचे रूळ बदलायचो. चौकशा पाहिल्यात. मेलेल्यावर ठपका ठेवणं सगळ्यात सोपं — तो उत्तर देत नाही.

२ एप्रिल
सूनबाई चंचल सकाळीच चपला घालून उभी. ‘बाबाजी, घरी बसून काय होते? कोणी तं पाह्यलं असंल ना!’ बसनं निघालो.

४ एप्रिल
भेटली! सुकरीबाई. त्या सकाळी मोहफुलं वेचत होती.

‘पोलिसांना काऊन नाई सांगतलं?’

‘कोणी इचारलंच नाई, भाऊ.’

मग उठून हातानं दाखवलं. ‘पंखा लटपटे. खडखड आवाज. आमी बारा बाया खाली. त्यानं हात हालवून “पळा, पळा” केलं, अन् सुक्या तलावाकडे वळला. तिथी जाच्या आधीच पंखा तुटून उडाला.’

म्हणजे मस्ती नव्हती. उतरायला जागा शोधत होता पोरगा!

तुकडा कुठे पडला तेही तिनंच दाखवलं. पळसाखाली, तलावापासून बराच अलीकडे. चंचल धावली. मी ओरडलो, ‘हात नको लावू!’ भोवती काट्या रचल्या, चौकशीच्या साहेबांना फोन केला. सुकरीबाई तिथंच बसून राहिली, ते येईपर्यंत.

५ एप्रिल
साहेबांनी तुकडा नेला. सुकरीबाईचा जबाब झाला. न अडखळता बोलली.

१९ एप्रिल
साहेबांचा फोन. पंख्यात आधीपासून तडा होता, आतून. डोळ्यांना दिसलाच नसता. प्रणितची चूक नाही — तसं लेखी येईल. त्या बनावटीची सगळी यंत्रं थांबवली, तपासणार आहेत.

चंचल आज पोटभर जेवली. मीही.

२३ एप्रिल
रोशन आला. नवा जबाब लिहून आणला होता. त्याच्या यंत्रातही तोच तडा निघालाय — यंत्रं थांबवली नसती तर परवा तो उडणार होता, सोबत दोन महिन्यांनी बाप होणारा वनरक्षक. ‘काका, प्रणितनं आमाले वाचवलं,’ म्हणाला. जवळ बसवून घेतलं.