आडव्या वाऱ्यातलं घर

भुज

लाडक्या बजरंगला केसरआक्काचा आशीर्वाद.

आमी दोघं खुशाल हाव. तुझे दाजी दोन्ही वेळा पोटभर जेवतेत.

तेलगावातून निघताना तू म्हनलास, "आक्का, टेम्पोचं घर करून या वयात कुठं चाललीस? उलटशील." खोटं कशाला बोलू, परवा कच्छच्या रणातल्या रस्त्यावर आडव्या वाऱ्यानं गाडी लई डुलली. दाजी दार घट्ट धरून म्हनले, "केसर, आता घरी चल."

मी न्हाई ऐकलं. इथं गॅरेजात टपावरची पाण्याची टाकी काढून खाली, चाकांच्या मधी बसवली. वरच्या कपाटातले डबे, भांडी तळाला ठेवली. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगला एक लोखंडी पाटा वाढवला. वजन खाली आलं की गाडी वाऱ्यात डुलत न्हाई.

आज त्याच रस्त्यानं, तसल्याच वाऱ्यात गाडी नेली. स्टिअरिंग सरळ राहिलं. परवापासून दाजींचा डोळा लागला नव्हता. आज ते शेजारी बसून घोरत होते.

आईचा गुडघा कसा हाय? कापूस वेचायला मानसं मिळाली का?

आमच्या वाटेकडं डोळे लावून बसू नका. अजून समुद्र बघायचा हाय. गाडी मी चालवते, कुठं वळायचं ते मीच ठरवीन.

तुझी,
केसरआक्का