जाड शिवण

१२ जानेवारी २०२५, रविवार

निकिता सायकलची शर्यत सोडून बसली! चाळिसाव्या किलोमीटरला, पहिल्या पाचांत असताना. कोच सरांचा फोन — "नॅन्सी, तुझ्या शॉर्टनं पोरीची जांघ सोलून निघालीये. सीटला रक्त लागलंय. बाकीच्या तिघीही रडकुंडीला आल्यात. काय पाठवलंस हे?"

जिल्ह्याच्या संघातल्या मुलींना मी दिलेले पहिले कपडे. छातीवर माझ्या कंपनीचं नाव.

म्हटलं, "सर, टेलरनं घोळ केला."

१३ जानेवारी

राधाकृष्ण मास्तरांना जाब विचारला. शेवगावात तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी मीच हातापाया पडून आणला होता.

"ताई, तुमी म्हन्लात तसंच शिवलं."

"टोचेल असं शिवा म्हटलं होतं मी?"

मशीनवरच्या दोघी बायका ऐकत होत्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, चपला घातल्या, गेले.

१६ जानेवारी

जिल्ह्याच्या सायकल संघटनेनं खुलासा मागितला. लिहिला — 'शिवणकामातील निष्काळजीपणा. संबंधित कारागीर राधाकृष्ण यांना कामावरून कमी केले आहे.' सही केली.

१९ जानेवारी

निकिताच्या जखमेचं गळू झालं. संगमनेरला चिरा दिला. तिची नॅशनल स्पर्धा हुकली.

२३ जानेवारी

पाच वर्षं मी नॅशनलला मुलांच्या मापाच्या शॉर्ट घालून गेले. कंबरेला पिना, मांडीवर सैल, बसायच्या जागेचं पॅड भलतीकडेच. रात्री आई हळद लावायची. गुडघा गेला, शर्यती संपल्या, तेव्हा ठरवलं — बायकांच्या मापाचं काहीतरी शिवायचं. माझ्यानंतरच्या एकाही पोरीला हे सोसायला लागू नये.

आणि आता हे.

मशीनं बंद. दोघी बायका येतात, झाडून घेतात, बसून राहतात. तिसऱ्या क्लबनंही ऑर्डर रद्द केली. सायकलवर चादर टाकलीये. बघवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये प्रभूभोजन. भाकर-द्राक्षरस घ्यायला मी उठलेच नाही, बाकावर बसून राहिले.

५ फेब्रुवारी

निकिताच्या घरी राजूरला जाऊन आले. दोन एसट्या आणि वर जीप. ती गोधडीवर कुशीवर पडली होती. माझ्याकडे बघेना. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "ताई, पुढच्या साली ज्युनिअरमध्ये बसत नाही मी. वय होतंय." बस्स, एवढंच.

तिच्या आईनं — कडूबाईंनी — चहा दिला. बिनदुधाचा. समोर बसल्या.

"बाई, तुमी तर सोता सायकल चालवायच्या ना?"

"हो."

"मंग पोरींना द्यायच्या आदी येकदा घालून बघितली न्हाई?"

"नाही," म्हटलं मी.

६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. घालून बघितली होती.

डिसेंबरात सपाट शिवणीचं मशीन बंद पडलं. पार्ट यायला पंधरा दिवस. मास्तर म्हणाले होते, "थांबू या ताई. ह्या दुसऱ्या मशीनवर शिवण जाड बसती, टोचंल." मी म्हटलं, थांबता येणार नाही, स्पर्धा तोंडावर आलीये. त्यांनी एक शिवून दिली. ती घालून मी पाथर्डीला जाऊन आले. येताना निम्मा रस्ता उभ्यानंच पॅडल मारलं — बसवतच नव्हतं! घरी येऊन धुतली, मास्तरांच्या हातात दिली. म्हटलं, "चालतंय. शिवा सगळ्या."

आणि त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय — 'ट्रायल छान झाली.'

ह्या वहीशीसुद्धा खोटं बोलले मी. इथं कोण वाचणार होतं?

कडूबाईंच्या तोंडावर 'नाही' म्हणाले. मास्तरांना घालवलं. माझ्याइतकं दुखणं कुणाला माहीत होतं? तरी दिल्या. छातीवर नाव दिसावं म्हणून दिल्या.

ही कंपनी कशाला काढली मी?

७ फेब्रुवारी

सकाळी मास्तरांच्या घरी गेले. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. संघटनेला नवं पत्र लिहिलंय, तेही वाचून दाखवलं. त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, तोंडाला पदर लावला.

मास्तर म्हणाले, "ठावं हाय मला. धुतली तरी पॅडवर रक्ताचा डाग ऱ्हायला हुता."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तर म्हणाले, "डाग बघूनबी म्या समद्या शिवल्याच की, ताई. माझं नाव गेलं ते काय खोटं न्हाई गेलं."

उद्या सातच्या गाडीनं आम्ही दोघं राजूरला जातोय.